हात द्यायचा तर द्या

शिरूरच्या फरीदा मणियारणीकडं बांगड्या भरायला बसलेली बाई कधी आपल्या हाताकडं बघायची नाही. हात फरीदाच्या मांडीवर टाकायचा आणि मान वळवून शेजारणीशी बोलत बसायचं. हातात काच चाललीय, लागेल, अशी धास्तीच कुणाला नसायची. फरीदा आधी पंजा दोन्ही हातांत घेऊन कणीक मळावी तसा सैल करायची, अंगठ्याच्या मुळाशी हाड कुठं आडवं येतंय ते चाचपायची, आणि बाईचं बोलणं ऐन रंगात आलं की तेवढ्यात बांगडी सरकवून मोकळी व्हायची. भरून झालं की बाई तिला नमस्कार करून उठायची. ती रीतच आहे. बांगड्या भरणारीला नमस्कार केल्याशिवाय उठायचं नाही, मग ती कुठल्याही जातीची असो.

हे सगळं तिला सासूनं शिकवलं. सासू डोक्यावर पेटी घेऊन पायी गावं फिरायची. नव्या सुनेला तिनं पहिलं वर्षभर नुसते बायकांचे पंजे दाबायला लावले, काचेला हात लावू दिला नाही. सासू गेली आणि पेटी फरीदाकडं आली. डोक्यावरची पेटी पुढं स्कूटीच्या मागं बांधली गेली, एवढाच काय तो फरक. पन्नाशीला टेकलेली फरीदा स्कूटीवरून निमोण्याला, वडगाव रासाईला, अधूनमधून भीमा ओलांडून दौंडच्या बाजूलाही जायची. बाजारात ताडपत्री अंथरून बसायची, आणि लग्नसराईत नवरीचा चुडा भरायला तिला घरोघरून बोलावणं यायचं.

नवरा लालमहंमद एसटी स्टँडजवळ मिक्सर आणि गिझर दुरुस्त करायचा. माणूस गरीब. कुणाशी वर आवाज करून बोलायचा नाही आणि घरातली कुठलीही गोष्ट चारचौघांत जाऊ नये म्हणून फार जपायचा. फरीदाच्या पोटात काही राहायचं नाही. इतकी वर्षं दोघांचं बरं चाललं होतं ते बहुतेक यामुळंच.

थंडी सरत आली होती तेव्हा एके सकाळी फरीदा उठली तर उजव्या हाताची तीन बोटं तिची नव्हतीच. होती जागेवर, हलत होती, पण त्यांना काही कळत नव्हतं. हात अंगाखाली आला असेल म्हणून तिनं झटकला, चोळला, खोबरेल तेल लावलं. दुपारपर्यंत मुंग्या आल्या, त्याही गेल्या आणि मागं उरलं ते नुसतं जाडसर काहीतरी, जणू बोटांवर कापसाचा हातमोजा चढवलाय. या वेळी मात्र ती कुणाला बोलली नाही. बाजारात तिच्या हातून बांगड्या जरा जास्त फुटू लागल्या तेव्हा तिनं मालाला दोष दिला. आलेला माल कच्चा आहे म्हणाली.

मग वडगाव रासाईची गोष्ट घडली.

तिथल्या सिंधूबाई म्हणजे फरीदाचं जुनं गिऱ्हाईक. ऊस, म्हशी, दोन सुना, सगळं भरलेलं घर. बोलायची हौस दांडगी. त्या दिवशी ओसरीवर बसून त्या पाहुण्यांकडच्या बारशाची हकिगत सांगत होत्या आणि फरीदा हात भरत होती. एक बांगडी जाता जाता कट्‌कन वाजली.

"वाढली," फरीदा म्हणाली. बांगडी फुटली असं मणियारीण कधी म्हणत नाही. तिनं तुकडे बाजूला केले आणि दुसरी बांगडी उचलली.

सिंधूबाईंच्या मनगटावर रक्ताचा ओघळ आला होता. त्यांनी "अगं आई" करून पदरानं पुसला. खाली कातडी साफ होती, ओरखडासुद्धा नव्हता. बघता बघता त्याच जागी वरून आणखी एक थेंब पडला. तेव्हा दोघींनी एकदमच बघितलं. फरीदाच्या पहिल्या बोटात काचेचा तुकडा उभा रुतला होता आणि त्याच बोटानं तिनं पुढची बांगडी धरली होती.

"अगं फरीदा, तुझ्या बोटात काच हाय!"

"व्हय की," फरीदा म्हणाली. तिनं तुकडा उपटून काढला. रक्त भळभळलं.

"दुखत न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

सिंधूबाईंनी हात हळूच मांडीवरून काढून घेतला. रीतीप्रमाणं नमस्कार केला, पण लांबून.

शिरूरच्या डॉक्टरांनी आधी जीवनसत्त्व कमी असेल म्हणून इंजेक्शनं दिली. इंजेक्शनांनी दंड दुखला, बोटं तशीच राहिली, उलट बधिरपणा तळव्यावर चढला. एकदा तव्यावरची भाकरी उलटताना तिला करपल्याचा वास आला. भाकरी बरी होती, करपत होतं ते तिचं बोट. फोड आला तेव्हा तिनं गॅस बंद केला आणि तो हात समोर धरून त्याला बोलली, "तुला कळायचं नसंल तर नगं कळू. पर कामाला यावं लागंल. घरात बसून खायला मी काय कुणाला देत न्हाई, तुला बी न्हाई देणार." बाहेरच्या खोलीत लालमहंमदला वाटलं, आत कोणी बाई आली आहे.

शेवटी डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथं नसांच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फरीदाला डोळे मिटायला सांगितले.

"टोचलं की हो म्हणायचं."

"व्हय," फरीदा म्हणाली. "व्हय. व्हय. व्हय."

"फरीदाबाई, शेवटच्या दोन वेळा मी टोचलंच नव्हतं."

फरीदानं डोळे उघडले. लालमहंमद फरशीकडं बघत होता.

"मग करा नापास," फरीदा म्हणाली. "नापास करा, पर हात नीट करून द्या. माझा धंदा हाताचा हाय."

डॉक्टरीण हसली, पण लिहायची थांबली नाही. मानेतली नस दबली असेल, म्हणाली. नसांना सूज असेल. रक्तात काही असेल. मणक्याचा एमआरआय करावा लागेल, त्याची तारीख दीड महिन्यानंतरची मिळेल. नसांत करंट सोडून एक तपासणी करू. "आणि त्वचा विभागात जाऊन या. आपल्याकडं हात बधिर झाला की कुष्ठरोगाचीही तपासणी करून घ्यावी लागते. घाबरू नका. असला तरी गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, आणि गोळ्या सुरू झाल्या की तो दुसऱ्याला लागत नाही."

लालमहंमदला त्यातला एकच शब्द ऐकू आला. तो चहा आणतो म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्वचा विभागाबाहेरच्या बाकड्यावर फरीदाच्या शेजारी एक बाई बसली होती. काळीसावळी, वयानं फरीदाएवढीच, लुगडं चापून नेसलेली. दौंडकडच्या एका वस्तीवरची. नाव धुरपदा. तिच्या दोन्ही हातांची बोटं आत वळून तशीच राहिली होती. तिनं आधी फरीदाचं सगळं विचारून घेतलं, मग आपलंही सांगितलं.

"रोग कवाच गेला. गोळ्या खाल्ल्या, बरी झाले. बोटं तेवढी ऱ्हायली. आता हात दाखवायला येती वर्साला."

"काम काय करता?"

"भाजी इकते. लोक घेत्यात, न्हाई असं न्हाई. पर मी उचलून दिलेली घेत न्हाईत. सोताच्या हातानं उचलत्यात आन् पैसं खाली ठेवत्यात." हे ती अगदी आज बाजारात मेथी काय भाव होती, अशा सुरात सांगत होती. बोलता बोलता तिनं फडकं सोडलं, भाकरी आणि लसणाची चटणी काढली. वळलेल्या बोटांच्या पेरांत धरून भाकरी मोडली आणि अर्धी फरीदापुढं केली.

फरीदाचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. डोळा लवेपर्यंतचाच वेळ असेल तो. पण धुरपदानं बघितलं. तिनं भाकरी मागं घेतली. राग नाही, काही नाही.

"ऱ्हाऊ द्या, बाई. मला सवय हाय."

फरीदाच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखं झालं. सिंधूबाईंनी मांडीवरून काढून घेतलेला हात तिला आठवला. चीड आली ती स्वतःची आली. तिनं पुढं वाकून धुरपदाच्या पेरांतली भाकरी आपल्या हातानं काढून घेतली आणि तिथंच, जाणाऱ्या-येणाऱ्या नर्सांच्या देखत, चटणीशी खाल्ली. "तिखट हाय," म्हणाली.

"दौंडची मिरची हाय," धुरपदा म्हणाली.

फरीदाच्या कानाच्या पाळीवरून आणि कोपरावरून तपासायला नमुना घेतला. परत येताना एसटीत लालमहंमदनं आवाज बारीक करून सांगितलं. घरात ती दोघं आपल्या दखनीत बोलत, पण त्यात निम्मी मराठीच असे.

"कुणाला काय सांगू नकोस. कुणी विचारलं तर मानेची नस हाय म्हण."

"मानेची नस हाय का?"

"ते कुणाला माहीत?"

"मग कशी म्हणू?"

"अगं, लोकं हायेत ती. धंदा बसंल."

"बसू दे. उठवीन."

पुढच्या खेपेला ती वडगाव रासाईला गेली तेव्हा सिंधूबाईंनी ओसरीवरूनच विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. भोवती चार बायका होत्या. लालमहंमद असता तर त्यानं तिचा पाय दाबला असता. फरीदानं सगळं जसं होतं तसं सांगितलं. काय झालंय ते कुणालाच कळलेलं नाही. मणक्याचा फोटो काढायचाय. नसांची तपासणी केली. महारोगाची पण केली, त्याचा रिपोर्ट यायचाय.

तो एक शब्द तिच्या स्कूटीच्या आधी गावोगाव पोचला.

तोंडावर कुणी काही बोललं नाही. बायका आल्या, रंग बघितले, माप सांगितलं आणि म्हणाल्या, "आज भरू नगं, गडबड हाय. बांधून दे. घरी जाऊन भरते." दुसरीलाही गडबडच होती. तिसरीला तर फारच. फरीदानं कागदात गुंडाळून बांगड्या दिल्या. बायकांनी पैसे ताडपत्रीवर ठेवले. फरीदा त्या नोटांकडं बघत राहिली आणि तिला दौंडची भाजी आठवली.

पुढची बाई म्हणाली, "मला बी बांधून दे."

"बांधून देत न्हाई," फरीदा म्हणाली.

"आँ? आता तिला दिल्यास की."

"दिल्या. चुकलं माझं. बांधून देणारी दुकानं शिरूरला भरपूर हायेत. मी मणियारीण हाय, बांगड्या भरते. हात द्यायचा तर द्या, न्हाईतर जावा."

बाई गेली. त्या बाजारी फरीदाची पेटी जशी आली तशीच परत गेली. नंतरच्याही बाजारी तसंच. ती तरी ताडपत्री अंथरून बसायचीच. शेजारचा कटलरीवाला म्हणायचा, भाभी, उन्हात कशाला तापता, घरी जा. "जागा माझी हाय," ती म्हणायची. "गिऱ्हाईक आलं न्हाई तर गिऱ्हाइकाचं नुकसान." एखादी परगावची, काही ऐकलेली नसलेली बाई बसायची, तिला फरीदा आधी सांगायची, "माझी बोटं बधिर हायेत, कशानं ते कळलं न्हाई," आणि मगच हात मागायची. काही उठून जायच्या. काही बसायच्या.

पण लोकांशी भांडून बोटं काही जागी होणार नव्हती, हे तिलाही कळत होतं. उजव्या हातानं हाड समजत नव्हतं. मग डाव्यानं समजून घ्यायचं. पण डावा हात जन्मभर नुसता धरायच्या कामाचा, त्याला दाबायचं आणि ढकलायचं ठाऊक नव्हतं. सरावाला कुणाचा तरी हात हवा होता. फरीदानं नवऱ्याला दुपारी जेवायला आल्यावर समोर बसवलं.

"माझा? बायकांच्या बांगड्या माझ्या हातात?"

"मोठ्या मापाच्या काढून ठेवल्यात. बसा."

लालमहंमदचा पंजा म्हणजे फावडं. सोल्डरिंगनं जागोजाग भाजलेला, अंगठा जाडजूड. पहिल्या दिवशी नुसत्या काचा झाल्या. तो "हाय अल्ला" करत राहिला आणि ती "ढिला सोडा, ढिला सोडा" म्हणून ओरडत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं की नुसता डावा हात पुरणार नाही, आता बघावंही लागणार. इतकी वर्षं ती बाईच्या तोंडाकडं बघून हात भरत आली होती. आता मान खाली घालून, चष्मा लावून, नजरेनं बांगडीच्या पुढं पुढं जायला ती शिकली. हळू व्हायचं. पूर्वी जेवढ्या वेळात दोन्ही हात भरून व्हायचे तेवढ्यात एक होई. होईना का.

एकदा असाच सराव चालला असताना गल्लीतला अझरुद्दीन मिक्सरचं भांडं घेऊन आत आला. लालमहंमद कोपरापर्यंत हिरवागार होऊन बसलेला.

"काय लालूचाचा, बांगड्या भरल्या की काय?" अझरुद्दीन फिदीफिदी हसला.

एरवी लालमहंमद लाजेनं जमिनीत गेला असता. त्यानं हात वर करून बांगड्या खुळखुळवल्या.

"भरल्या. माझी बायको भरती, दुसऱ्या कुणी न्हाई. तुला पायजे तर बस, तुझा पंजा अजून मऊ हाय."

फरीदानं मान वर केली नाही, पण पुढची बांगडी अगदी अलगद गेली.

निमोण्याच्या गिताबाईंची नात अंकिता, तिचं लग्न ठरलेलं होतं. गिताबाई धनगराच्या. त्यांची तरुणपणची वर्षं मेंढरांमागं गेली, मग मुलानं, मल्हारनं, विहीर पाडली, डाळिंब लावलं, घर बांधलं. त्या घरातल्या तीन पिढ्यांचे हात फरीदानं आणि तिच्या सासूनं भरले होते. चुड्याचं बोलावणं थंडीतच येऊन गेलं होतं. आता लग्न तोंडावर आलं आणि मल्हारचा लालमहंमदला फोन आला. आवाजात ओशाळेपणा होता. "भाऊ, चुडा तुमच्याकडचाच घेणार. फक्त भाभींना म्हणावं, बांधून द्या. आमच्या बायका भरतील. पाव्हणे येणार, उगं चर्चा नको."

चुड्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून त्वचेचा रिपोर्ट आला. लालमहंमद स्वतः आणायला गेला होता. त्यात काही निघालं नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली होती, कुष्ठरोग नाही, निश्चिंत राहा, बाकीचं एमआरआयनंतर बघू. शिरूरला उतरल्या उतरल्या त्यानं त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. घरी येऊन गठ्ठाच फरीदाच्या पुढं ठेवला. इतका खूश ती त्याला फार दिवसांनी बघत होती.

"ह्या एवढ्या कशाला?"

"वाटू. बाजारात वाटू. वडगावच्या त्या बाईला तर फ्रेम करून देतो. उद्या निमोण्यात पेटी उघडायच्या आधी हा कागद सगळ्यांस्नी दाव."

फरीदानं कागद वाचला. तिलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. छातीवरचा धोंडा हलला. मग तिनं कागदाची घडी घातली.

"न्हाई दावणार," म्हणाली.

"का?"

"त्या धुरपदेकडं असा कागद न्हाई. तिनं काय दावायचं?"

"तिचा आन् आपला काय संबंध?"

"तिची भाकरी खाल्लीय मी. आता मी हा कागद नाचवून म्हणायचं, मी तसली न्हाई, मला हात द्या? म्हंजी तिला देऊ नगा असंच झालं की ते. आन् उद्या त्या एमआरआयमधी काय निघालं तर परत काय, नवा कागद? मी काय जनावर हाय व्हय बाजारातलं, दाखला गळ्यात बांधून फिरायला?"

लालमहंमदनं पुष्कळ समजावलं. शेवटी झेरॉक्सचा गठ्ठा उचलून दुकानात नेला. पुढं कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना स्क्रू आणि वॉशर त्या कागदांच्या पुड्यांत मिळत होते.

दुसऱ्या दिवशी फरीदा निमोण्याला गेली. मांडव घातला होता, बायकांनी अंगण भरलं होतं. वडगावच्या सिंधूबाईही होत्या. निमोणे त्यांचं माहेर. अंकिता पाटावर बसली होती, तिच्या आईनं पुढं होऊन म्हटलं, "द्या भाभी, बांधून आणलाय ना?"

"न्हाई. भरायला आले."

फरीदानं सतरंजीवर बैठक मारली, पेटी उघडली, चष्मा लावला. सिंधूबाईंना राहवलं नाही.

"तपासणीचं काय झालं गं?"

"झाली."

"काय निघालं?"

"ते माझं मला ठावं हाय, ताई. दुखणं माझं हाय, कागद माझा हाय. हाताला काय झालंय ते अजून डॉक्टरला सापडलं न्हाई, हे मी सगळ्यांस्नी सांगितलंय, लपवलं न्हाई. तीन बोटं बधिर हायेत. डाव्या हातानं भरते, सावकाश भरते. एखादी वाढंल, तर दुसरी घेऊ. ज्यांस्नी हात द्यायचाय त्यांनी द्या. कागद बघून द्यायचा असंल त्यांनी नगा देऊ, मला तसला हात नगं."

आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. अंकिताची आई सासूकडं बघू लागली.

गिताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. उठल्या, कमरेवर हात ठेवून चालत आल्या आणि फरीदापुढं बसल्या. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. नवरा गेल्यापासून त्यांनी बांगडी घातली नव्हती. उजवा हात त्यांनी फरीदाच्या मांडीवर ठेवला.

"भर."

"आत्या, तुमाला?" फरीदासुद्धा गडबडली.

"आत्याबाई!" सून पुढं आली. "आज शुभकार्य हाय. चार पाव्हणे काय म्हणतील?"

"पाव्हण्यांस्नी जेवायला घाल, तोंड बंद ऱ्हाईल. आमी मेंढरं घेऊन हिंडत हुतो तवा गावच्या बाया आमाला आडावर येऊ देत नव्हत्या. लांबनं वतायच्या पानी, वंजळीत. मी तवाच ठरीवलं हुतं, माझ्या दारात असलं चालू द्यायचं न्हाई. आन् मालक गेला म्हून काय माझं मनगाट गेलं न्हाई." त्यांनी फरीदाकडं बघितलं. "हिरव्याच भर. दोनच भर, पर हिरव्या."

म्हातारीचा पंजा सुकून लाकूड झाला होता. फरीदानं डाव्या हातानं तो दाबत दाबत सैल केला. हाड लागलं. बांगडी गाठीवर अडली, तिनं मान आणखी खाली घातली, आणि ती गेली. दुसरीही गेली. गिताबाईंनी हात जोडले, रीतीप्रमाणं, जवळून. मग नातीला म्हणाल्या, "ये गं."

अंकिता आली. आईनं तिच्याकडं बघितलं, सासूच्या मनगटाकडं बघितलं, आणि हळदीचं ताट उचलून बाजूला झाली. चुडा भरताना एक बांगडी वाढली. नवरीच्या चुड्यात असं व्हायला नको असतं. फरीदानं तुकडे ओंजळीत घेतले, आपली बोटं उलटीपालटी करून बघितली, कुठं लागलं नव्हतं. "वाढली," ती म्हणाली. "अगं, माझ्या हळदीत तर पाच वाढल्या हुत्या, आन् आमचा म्हातारा अजून मिक्सर खोलतोय." अंकिता फुस्सदिशी हसली. मग दुसऱ्या बायकाही हसल्या. हात भरायला फरीदाला दुपार झाली. मांडवातल्या सगळ्या काही आल्या नाहीत. निम्म्याहून जरा जास्त आल्या असतील. सिंधूबाई आल्या नाहीत. त्या अजूनही बांगड्या दुकानातून आणतात आणि फरीदा त्यांच्या दारावरून स्कूटी हळू न करता जाते.

एमआरआयच्या त्या मोठ्या नळीत फरीदा घामाघूम झाली, पण हलली नाही. मानेतली एक गादी जराशी सरकलेली निघाली. डॉक्टरीण म्हणाली, तेवढ्यानं हात इतका बधिर होत नाही. नसांची तपासणी जरा मंद आली आहे, पण का, ते सांगता येत नाही. मोठं, वाईट असं काही दिसत नाही. नावही देता येत नाही. गोळ्या लिहून देते, थांबून बघू.

"वर चढंल का?" फरीदानं विचारलं.

"खरं सांगू? माहीत नाही. चढेल, थांबेल, उतरेलही. कधीकधी आम्हालाही वाट बघावी लागते."

"तुमी बघा वाट," फरीदा म्हणाली. "मला येळ न्हाई."

डॉक्टरीण या वेळी लिहायची थांबली आणि मोकळी हसली. लालमहंमदही हसला.

खाली खिडकीवर पुढच्या तपासणीची तारीख घ्यायची होती. रांग लांब होती. नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसानं संगणकात बघून तारीख सांगितली. फरीदानं बोटांवर वार मोजले.

"त्या दिवशी न्हाई जमायचं. निमोण्याला अजून एका घरी हळद हाय, चुडा भरायचाय."

"बाई, हॉस्पिटल आहे हे. लोक तारखेसाठी पाया पडतात."

"पडू द्यात. मला दुसरी द्या."

मागं उभ्या असलेल्या लालमहंमदनं आधी तिच्याकडं बघितलं. मग तो खिडकीपाशी वाकला आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "साहेब, दुसरी तारीख द्या. माझ्या बायकोला काम हाय."